मधुमेहाच्या सिस्टर कोण? मधुमेहतज्ज्ञांस खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील मधुमेहतज्ज्ञ, फिजिशियन आणि रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक यांस,



वर्षानुवर्षे चालणाऱ्या मधुमेहाच्या उपचारात डॉक्टरांच्या खालोखाल, आणि काही बाबतींत डॉक्टरांहूनही अधिक, ज्या व्यक्तीशी रुग्णाचा संबंध यावयास हवा, ती व्यक्ती म्हणजे या आजाराचे खास प्रशिक्षण घेतलेली परिचारिका होय. आणि नेमकी हीच व्यक्ती महाराष्ट्रातील बहुसंख्य रुग्णांना शोधूनही सापडत नाही, ही या पत्रामागील तक्रार आहे. हे पत्र परिचर्या परिषदेला किंवा शासनाला न लिहिता आपल्याला लिहिण्याचे कारण असे की, अभ्यासक्रम, पदनिर्मिती आणि नोंदणी या गोष्टी त्यांच्या हाती असल्या, तरी दवाखान्यात या कामासाठी कोणाला बसवावयाचे, तिला किती वेळ द्यावयाचा आणि तिचे नाव रुग्णाला सांगावयाचे की नाही, हे ठरवण्यासाठी आपल्याला कोणत्याही शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख, म्हणजे प्रौढ लोकसंख्येच्या ११.४ टक्के, असल्याचा अंदाज दिला. त्याच पाहणीत शेजारच्या गोव्यातील प्रमाण २६.४ टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक आढळले. हे आकडे आपल्या परिषदांतून आणि चर्चासत्रांतून नेहमीच पडद्यावर येतात. त्यांच्यापुढे तज्ज्ञ डॉक्टरांची संख्या अपुरी आहे, हेही आपणच सांगता. मग ज्या कामासाठी डॉक्टरांची पदवी लागत नाही, पण हात बसलेला असावा लागतो, नजर तयार असावी लागते आणि तासभर बसण्याची सवड असावी लागते, ते काम नेमके कोणाकडे सोपवले आहे, हा प्रश्न त्या आकड्यांच्या पाठोपाठ यावयास हवा होता. तो क्वचितच येतो.

या कामाचे स्वरूप एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. भारतात बाटलीतून मिळणारे इन्सुलिन बहुधा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट या तीव्रतेचे असते, तर पेनमध्ये बसवावयाच्या कार्ट्रिजमधील, म्हणजे लहान काचेच्या नळीतील, इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट या तीव्रतेचे असते. १०० च्या तीव्रतेच्या बाटल्याही बाजारात आहेत. दोन्हींसाठी सिरिंज वेगळ्या असून ४० च्या सिरिंजचे टोपण लाल आणि १०० च्या सिरिंजचे नारिंगी असते. ज्याला २० युनिट लिहून दिले आहे अशा रुग्णाने ४० चे इन्सुलिन नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर त्याच्या शरीरात प्रत्यक्षात ८ युनिटच जातात आणि साखर उतरत नाही. उलट १०० चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर ५० युनिट जातात आणि रात्री दोनच्या सुमारास घरचे लोक घाम फुटलेल्या, बरळणाऱ्या माणसाला उचलून रिक्षात घालतात. पहिल्या प्रसंगी पुढच्या भेटीत डोस वाढवला जातो, दुसऱ्या प्रसंगी ‘इन्सुलिन सोसत नाही’ असा निष्कर्ष घरात निघतो. दोन्ही वेळा कागदावरचा डोस अचूक असतो. मेडिकलच्या दुकानात लाल टोपणाच्या सिरिंज संपल्या म्हणून काउंटरवरच्या मुलाने ‘ह्या पण चालतात’ असे सांगून नारिंगी दिल्या, एवढेच घडलेले असते. आणि ते ओळखण्यासाठी रुग्णाला पिशवीतून स्वतःची बाटली व सिरिंज बाहेर काढावयास लावणारी एक व्यक्ती दवाखान्यात असावी लागते.

तीच व्यक्ती रुग्णाला सदरा वर करावयास सांगून पोटावरून बोट फिरवते आणि त्वचेखाली घट्ट, रबरासारख्या गाठी लागतात का, ते पाहते. एकाच जागी वर्षानुवर्षे सुई टोचल्याने तेथील चरबी वाढून अशा गाठी तयार होतात. त्या भागात टोचताना दुखत नाही म्हणून रुग्णाला तीच जागा सोयीची वाटते, परंतु तेथे टोचलेले इन्सुलिन कधी उशिरा तर कधी एकदम शोषले जात असल्याने साखर आज ३०० आणि उद्या ६० असा खेळ सुरू राहतो. गाठी आढळल्यावर जागा बदलावयास सांगणे हे अर्धेच काम असते, कारण चांगल्या त्वचेत तोच डोस अधिक जोमाने काम करतो आणि तो कमी करावा लागतो, हे डॉक्टरांच्या कानावर घालणे हा त्या कामाचा उरलेला अर्धा भाग होय. दुधाळ दिसणारे मिश्र इन्सुलिन टोचण्यापूर्वी हळूहळू फिरवून आणि उलटसुलट करून एकसारखे करावे लागते, पेनचे बटण दाबल्यानंतर सुई दहा सेकंद आत ठेवावी लागते, एकच सुई बोथट होईपर्यंत वापरू नये, पायाला बधिरपणा आला आहे का हे मोनोफिलामेंट नावाच्या नायलॉनच्या बारीक तंतूने तळव्यावर ठरावीक दाब देऊन तपासता येते, अशा अनेक गोष्टी याच स्वरूपाच्या आहेत. त्यांपैकी एकही गोष्ट गूढ नाही. प्रत्येक गोष्ट रुग्णाच्या हातून करवून घ्यावी लागते, आणि काही महिन्यांनी पुन्हा पाहावी लागते, एवढेच.

हे शिकवण्याचे काम परिचारिकेकडे सोपवावे, हा विचार नवा नाही, आणि तो परिचारिकांच्या संघटनांनी पुढे रेटलेला आहे असेही नाही. टोरांटो येथे १९२१ मध्ये इन्सुलिनचा शोध लागला आणि जानेवारी १९२२ मध्ये ते पहिल्यांदा रुग्णाला टोचले गेले. त्यानंतर बॉस्टनचे डॉ. एलियट जॉस्लिन यांनी परिचारिकांना रुग्णांच्या घरी पाठवून इन्सुलिन, आहार आणि पायांची निगा शिकवण्याची पद्धत रूढ केली. इंग्लंडमधील लेस्टर येथे डॉ. जोन वॉकर यांनी १९५० च्या सुमारास गृहभेटी देणाऱ्या आरोग्यसेविकांना मधुमेहाच्या कामास जोडले, आणि त्या देशातील ‘डायबेटिस स्पेशालिस्ट नर्स’ या पदाची सुरुवात तेथपर्यंत मागे नेली जाते. अमेरिकेत मधुमेह-शिक्षकांची प्रमाणित परीक्षा १९८६ पासून घेतली जात आहे. उपचारांची दिशा बदलणारा आणि आपल्यापैकी प्रत्येकाला तोंडपाठ असणारा अमेरिका-कॅनडातील मोठा अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने काटेकोर नियंत्रणामुळे टाइप १ मधुमेहींमधील डोळ्यांच्या पडद्याच्या विकाराचा धोका ७६ टक्क्यांपर्यंत कमी होतो, हे दाखवून दिले. त्या अभ्यासातील काटेकोर उपचारांच्या गटाला रोज तीन किंवा अधिक इंजेक्शने अथवा पंप मिळत होता, हे सर्वांना आठवते. त्या गटातील रुग्ण दरमहा केंद्रावर येत होते, मधल्या काळात त्यांच्याशी फोनवर वारंवार संपर्क ठेवला जात होता आणि हा संपर्क ठेवणाऱ्या पथकात परिचारिका व आहारतज्ज्ञ होत्या, हे मात्र भाषणांतून गळून जाते. त्याच गटात साखर धोकादायकरीत्या उतरण्याचे प्रसंग सुमारे तिप्पट घडले, हेही येथे नोंदवले पाहिजे. आपण त्या अभ्यासातून इन्सुलिनचा डोस घेतला आणि पथक तेथेच ठेवले.

आता तक्रारींकडे वळावे. पहिली तक्रार ओळखीची आहे. आपल्या दवाखान्यांतून ‘एज्युकेटर मॅडम’, ‘डाएटच्या मॅडम’, ‘सिस्टर’ अशा नावांनी वावरणाऱ्या व्यक्ती कोण आहेत, हे रुग्णाला कळण्याची कोणतीही सोय नसते. त्यांपैकी एखादी तीन वर्षांचा जीएनएम अभ्यासक्रम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसाविका पदविका, किंवा चार वर्षांची परिचर्येची पदवी घेऊन राज्याच्या परिषदेत नोंदणी केलेली परिचारिका असते, एखादी आहारशास्त्राची पदवीधर असते, एखादी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली असते, आणि एखादी बारावीनंतर दवाखान्यातच काम शिकलेली असते. या सर्वांचे काम उपयोगी असू शकते. परंतु आहार समजावून सांगणे आणि पायाच्या जखमेवरून निर्णय घेणे ही कामे एकाच पांढऱ्या कोटाखाली झाकली गेल्याने, कोणता प्रश्न कोणाला विचारावा, हे रुग्णाला ठरवता येत नाही. अतिदक्षता, कर्करोग, नवजात शिशू, मनोविकार अशा शाखांमध्ये परिचारिकांसाठी मूळ शिक्षणानंतरचे एक वर्षाचे पदविका अभ्यासक्रम भारतीय परिचर्या परिषदेने आखून दिलेले आहेत. मधुमेहाच्या बाबतीत मात्र दवाखान्याच्या भिंतीवर जी प्रमाणपत्रे दिसतात, ती बहुधा खासगी संस्थांनी किंवा व्यावसायिक संघटनांनी चालवलेल्या, काही दिवसांपासून अनेक महिन्यांपर्यंतच्या अत्यंत असमान अभ्यासक्रमांची असतात, आणि चौकट सारखीच सोनेरी असल्याने त्यांतला फरक रुग्णाला दिसत नाही. परिचर्या व प्रसाविका व्यवसायासाठीचा नवा राष्ट्रीय आयोग कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्यातून विशेष कौशल्यांच्या नोंदणीचा प्रश्न सुटेल तेव्हा सुटेल. तोवर, डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांक जसा पाटीवर असतो, तसा मधुमेहाचे काम करणाऱ्या परिचारिकेचे नाव, मूळ शिक्षण, नोंदणी क्रमांक आणि मधुमेहविषयक प्रशिक्षणाचा कालावधी तिच्या टेबलावर मराठीत लिहिलेला असावा, ही पहिली विनंती आहे.

दुसरी तक्रार अधिक नाजूक आहे आणि ती स्पष्टपणे मांडणेच बरे. अनेक दवाखान्यांतील मधुमेह-शिक्षिका ही दवाखान्याची कर्मचारी नसते. तिचा पगार इन्सुलिन, गोळ्या किंवा ग्लुकोमीटर विकणारी कंपनी थेट किंवा मध्यस्थ संस्थेमार्फत देते, आणि रुग्णाला हे कोणी सांगत नाही. अशा शिक्षिकांपैकी कित्येक जणी अत्यंत मनापासून काम करतात आणि त्या नसत्या, तर पेन कसे धरावे, हेही अनेकांना कोणी दाखवले नसते, हे नाकारण्याचे कारण नाही. तरीही जिचा पगार एका विशिष्ट पेनवर अवलंबून आहे, तिच्याकडून ‘तुमची ४० ची बाटली आणि साधी सिरिंज पुरेशी आहे, वरच्या पैशांत साखर तपासण्याच्या पट्ट्या घ्या’ असा सल्ला मिळेल, अशी अपेक्षा धरता येत नाही, आणि महिन्याच्या खर्चाचा हिशेब करून इन्सुलिन घेणाऱ्या कुटुंबासाठी तर तोच सल्ला सर्वांत मोलाचा असतो. शिवाय रुग्णाचा फोन क्रमांक, त्याची साखर आणि त्याच्या औषधांची यादी तिच्या वहीतून किंवा टॅबलेटमधून पुढे कोठे जाते, हाही प्रश्न आहेच. अशी व्यवस्था आजच्या आज बंद करावी, असे या पत्राचे म्हणणे नाही, कारण तिच्या जागी दुसरे काही उभे राहिलेले नाही. पण तिच्या ओळखपत्रावर पगार देणाऱ्याचे नाव ठळक असावे, रुग्णाची माहिती घेण्यापूर्वी त्याची लेखी संमती घेतली जावी आणि तिच्या टेबलावर एकाच कंपनीचे पेन मांडलेले नसावे, एवढे तरी आपल्या अधिकारात निश्चितच आहे.

शासकीय रुग्णालयांतील अडचण वेगळ्या प्रकारची आहे. कर्करोग, मधुमेह, हृदयविकार आणि पक्षाघात यांच्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला, आणि आज असंसर्गजन्य आजारांचा कार्यक्रम या नावाने चालणाऱ्या त्याच योजनेत जिल्हा व ग्रामीण रुग्णालयांत स्वतंत्र एनसीडी क्लिनिक, म्हणजे रक्तदाब-मधुमेहासारख्या असंसर्गजन्य आजारांचा बाह्यरुग्ण विभाग, चालवला जातो. गावपातळीवर आशा स्वयंसेविका तीस वर्षांवरील व्यक्तींची यादी करतात आणि उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी तपासणी करतात. रुग्ण शोधण्याची ही साखळी बऱ्यापैकी लांब पोहोचली आहे. शोधलेल्या रुग्णाला शिकवण्याची साखळी मात्र केसपेपर, बीपी, बोटाला सुई आणि महिन्याच्या गोळ्या या खिडकीपाशी संपते. तेथील अधिपरिचारिकेला प्रशिक्षण मिळालेच, तर ती त्या कामात रुळते न रुळते तोच तिची ड्युटी प्रसूती कक्षात किंवा अपघात विभागात लागते, कारण परिचर्या विभागाच्या फिरत्या पाळ्यांमध्ये मधुमेहाचे टेबल हे कौशल्याचे स्थान मानले जात नाही, ते ‘हलके काम’ समजले जाते आणि बहुधा कंबर दुखणाऱ्या किंवा निवृत्तीस आलेल्या सिस्टरांना सवलत म्हणून दिले जाते. कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या बाबतीत तर कराराचे नूतनीकरण होईल की नाही, येथूनच अनिश्चितता सुरू होते. आपल्यापैकी जे वैद्यकीय अधीक्षक आहेत, त्यांनी अधिसेविकांशी, म्हणजे मेट्रनशी, बोलून प्रशिक्षित परिचारिकेला किमान तीन वर्षे त्या विभागातून हलवू नये, ही विनंती करण्यामागे साधे गणित आहे: रुग्ण तीन महिन्यांनी येतो, तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही तपासणीही तेवढ्याच अंतराने होते, आणि परिचारिका वर्षाला बदलली, तर एका रुग्णाची तिच्याशी जास्तीत जास्त चारदाच गाठ पडते.

रुग्णालयात दाखल झालेल्या मधुमेहींची स्थिती यापेक्षाही विचित्र असते. मोतीबिंदूच्या, हर्नियाच्या किंवा हाडाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेला माणूस घरी स्वतःचे इन्सुलिन वर्षानुवर्षे व्यवस्थित घेत असतो. वॉर्डात त्याचे पेन काढून घेतले जाते, साधे इन्सुलिन जेवणाआधी अर्धा तास द्यावयाचे असते म्हणून सकाळी साडेसातला ड्युटी बदलण्यापूर्वी टोचले जाते, आणि नाश्त्याची गाडी नऊ वाजता येते. मधल्या दीड तासात हात थरथरू लागले, की शेजारच्या पलंगावरचा नातेवाईक बिस्किटाचा पुडा पुढे करतो. साखर ७० च्या खाली उतरली असता सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन चमचे साखर पाण्यातून देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, हा नियम आपल्या पुस्तकांत आहे, वॉर्डाच्या भिंतीवरही कित्येकदा असतो, पण अशा वेळी तो पाळणारे कोणी जवळ नसते. ज्याला पहिल्यांदाच इन्सुलिन सुरू झाले आहे, अशा रुग्णाला घरी सोडतानाची पद्धत तर सर्वश्रुत आहे: बिल भरून झाल्यावर, लिफ्टपाशी, सामान हातात असताना, ‘मेडिकलमधला मुलगा दाखवेल’ असे सांगितले जाते. ज्या शहरी रुग्णालयांत मधुमेहतज्ज्ञाची फेरी रोज होते, तेथे त्या फेरीपूर्वी प्रशिक्षित परिचारिकेने इन्सुलिनवरील प्रत्येक रुग्णाला भेटावे आणि घरी जाण्याच्या आदल्या दिवशी रुग्णाला स्वतःच्या हाताने एक इंजेक्शन टोचावयास लावावे, एवढी शिस्त लावण्यास नव्या इमारतीची गरज नाही.

यापुढची तक्रार परिचारिकांच्या बाजूने आहे. रात्री दहा वाजता रुग्णाचा व्हॉट्सअॅपवर संदेश येतो, ‘मॅडम, उपाशीपोटीची १९० आली, किती घेऊ?’, आणि त्या क्षणी तिच्यापुढे दोनच मार्ग असतात: ‘डॉक्टरांना विचारा’ असे सांगून रुग्णाचा विश्वास घालवणे, किंवा स्वतःच्या जबाबदारीवर आकडा सांगून नोकरी धोक्यात घालणे. ब्रिटनमध्ये आवश्यक ते जादा प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिकांना स्वतः औषधे लिहून देण्याचा व्यापक अधिकार २००६ पासून आहे. भारतात तसा अधिकार नाही, आणि तो आज मागण्याची घाई येथे अभिप्रेत नाही. परंतु डॉक्टरांनी सही केलेली लेखी कार्यपद्धती, म्हणजे कोणत्या रुग्णाच्या कोणत्या इन्सुलिनमध्ये किती फरक कोणत्या आकड्यांवर करता येईल, याची आधीच आखलेली मर्यादा, ही सर्वस्वी आपल्या हातातील गोष्ट आहे. रात्रीच्या दीर्घकाळ चालणाऱ्या इन्सुलिनसाठी, उपाशीपोटीची साखर ठरलेल्या पातळीवर येईपर्यंत दर तीन दिवसांनी दोन युनिट वाढवणे आणि ७० च्या खाली गेल्यास डोस कमी करून डॉक्टरांना कळवणे, ही पद्धत मान्यताप्राप्त आहे. ती तीन ओळींत फाईलच्या पहिल्या पानावर लिहिता येते. तशी ती लिहिली, की परिचारिकेला आपल्या अधिकाराची मर्यादा कळते, रुग्णाला आपला प्रश्न कोणाला विचारावयाचा, ते कळते, आणि आपला फोनही रात्री थोडा शांत राहतो.

योग्य परिचारिका म्हणजे कोण, हा प्रश्न प्रमाणपत्रांनी पूर्णपणे सुटत नाही, हे मान्य करून काही गोष्टी सांगितल्या पाहिजेत. छापील आहारतक्त्यात सकाळी ओट्स आणि संध्याकाळी ब्राऊन ब्रेड लिहून देणारी व्यक्ती, ज्वारीच्या दोन भाकरी आणि पिठले खाणाऱ्या माणसाशी बोललेलीच नसते. आषाढी-कार्तिकीला, श्रावणी सोमवारी आणि नवरात्रात उपवास होणारच असतात. ते ‘करू नका’ असे सांगणारी सिस्टर पुढच्या भेटीत खोटे उत्तर ऐकते, आणि साबुदाण्याच्या खिचडीने साखर किती चढते, हे रुग्णाच्याच मीटरवर त्याला मोजून दाखवणारी, उपवासाच्या दिवशी कोणती गोळी टाळावयाची हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवणारी सिस्टर खरे उत्तर ऐकते. रमजानच्या रोजांबाबतही हेच लागू आहे. बीडहून कारखान्याच्या हंगामात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाला इन्सुलिन फ्रिजमध्ये दोन ते आठ अंश तापमानात ठेवा, असे सांगणे निरर्थक असते. कोपीत, म्हणजे मुक्कामाच्या तात्पुरत्या झोपडीत, सावलीला ठेवलेल्या मातीच्या ओल्या मडक्यात, पाणी लागणार नाही अशा बंद डब्यात ते कसे ठेवावे आणि सुरू केलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी का टाकून द्यावी, हे परिचारिकेला सांगता आले पाहिजे. पोटावरच्या गाठी दाखवण्यास संकोचणाऱ्या बाईला स्त्री परिचारिका आणि लैंगिक दुर्बलतेविषयी बोलू न धजणाऱ्या पुरुषाला एखादा जाणता ‘ब्रदर’ मिळावा, ही मागणीही चैनीची नाही, कारण लैंगिक दुर्बलतेमागे मधुमेहाने झालेली मज्जातंतूंची आणि रक्तवाहिन्यांची हानी अनेकदा असते आणि ती वर्षानुवर्षे फाईलवर येतच नाही. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाच्या शाळेत जाऊन वर्गशिक्षिकेला साखर उतरल्याची लक्षणे समजावणे, हे कामही अशाच एखाद्या व्यक्तीकडे असावयास हवे. सध्या ते आईकडे असते.

हे सर्व विनामूल्य कसे होणार, असा आपला रास्त प्रश्न असेल. ते विनामूल्य होऊ नये. परिचारिकेचा अर्धा तास डॉक्टरांच्या फीमध्ये ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणून गुंडाळला जातो, त्यामुळे रुग्णालाही तो फुकटचा वाटतो आणि गर्दीच्या दिवशी पहिल्यांदा तोच कापला जातो. ज्यांना परवडते, त्यांच्याकडून त्याची वेगळी, पावतीवर दिसणारी फी घ्यावी आणि ज्यांना परवडत नाही, त्यांना धर्मादाय रुग्णालयांनी सवलत द्यावी. मात्र त्या फीतील वाटा तिच्या पगारात दिसावा, अन्यथा प्रशिक्षण पूर्ण होताच ती आखाती देशांतील किंवा ब्रिटनमधील नोकरीसाठी अर्ज करील आणि तिला दोष देता येणार नाही.

रुग्णांच्या बाजूनेही एक गोष्ट घडली पाहिजे आणि तीत आपले सहकार्य लागेल. ‘सिस्टर, आपली नोंदणी कोठली? मधुमेहाचे प्रशिक्षण कोठे झाले? पुढच्या वेळी आपणच असाल का? साखर उतरली, तर कोणाला फोन करावा?’ हे प्रश्न रुग्णाने विचारले, तर दवाखान्यात ते उद्धटपणाचे समजले जातात. डॉक्टरांविषयी शंका घेतल्यासारखे वाटते म्हणून बहुतेक जण ते विचारतच नाहीत. हे प्रश्न विचारण्यास हरकत नाही, असे आपण स्वतः एकदा सांगितले, तर पुष्कळ अडथळे दूर होतील, कारण मराठी रुग्ण डॉक्टरांच्या परवानगीशिवाय सिस्टरची चौकशी करीत नाही, हे आपण जाणताच.

येत्या १४ नोव्हेंबरला, म्हणजे इन्सुलिनच्या शोधकर्त्यांपैकी फ्रेडरिक बँटिंग यांच्या जन्मदिनी पाळल्या जाणाऱ्या जागतिक मधुमेह दिनी, आपल्यापैकी अनेक जण मोफत साखर तपासणीची शिबिरे भरवतील. २०२० मध्ये याच दिवसाचा विषय परिचारिका हा होता. त्या वर्षी पुष्पगुच्छही दिले गेले. या वेळी एका शिबिराऐवजी आपल्याच जुन्या इन्सुलिनवरील रुग्णांना बोलवावे, प्रत्येकाला घरून बाटली, सिरिंज किंवा पेन आणि मीटर घेऊन यावयास सांगावे, नोंदणीकृत आणि प्रशिक्षित परिचारिकेने प्रत्येकाचे पोट, पाय आणि सिरिंजचे टोपण पाहावे, जे आढळेल ते त्याच्या फाईलवर लिहावे, आणि फाईलच्या पहिल्या पानावर आपल्या नावाखाली तिचे नाव व तिच्या भेटीची वेळ घालावी, अशी शेवटची विनंती आहे. किती लाल टोपणे आणि किती नारिंगी टोपणे चुकीच्या बाटलीबरोबर निघाली, हेही त्या दिवशी मोजून ठेवावे.



आपला नम्र,
मधुमेही कुटुंबातील एक नागरिक